नक्षीची बाजू

१

पलीकडच्या मशिदीत अस्रची बांग झाली की मी चहा टाकते. इथं ओमानात, अझैब्याला राहायला आल्यापासूनचा, म्हणजे एकोणीस वर्षांचा हा नेम. सव्वातीन-साडेतीनची वेळ असते, दुकानं बंद असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. घरात एसीची घरघर सोडली तर काही ऐकू येत नाही. नवरा दयानंद साईटवर, मुलगी प्रणाली तिच्या दातांच्या दवाखान्यात, आणि मी एक कप चहा घेऊन हॉलमध्ये. ही वेळ मला फार आवडायची. आता त्या वेळेला माझे हात गार पडतात.

आधीच सांगते, म्हणजे मला कुणी वेड्यात काढायला नको. आमच्या घरात भूतखेत, दृष्ट, लिंबू-मिरची असल्या गोष्टींना थारा नाही. माझ्या वडिलांनी आम्हा बहिणींना अक्षर गिरवायच्या आधी ‘कशावरून?’ असं विचारायला शिकवलं. नवरा स्ट्रक्चरल इंजिनीअर, तो तर आकडा दाखवल्याशिवाय पाऊस पडतोय हेही मान्य करत नाही. मुलगी डेंटिस्ट. अशा घरातली मी बाई आहे, एवढं लक्षात ठेवा.

ते दार म्हणजे दयानंदांची हौस. मत्राहच्या बाजारामागं यूनुसचं जुन्या सामानाचं दुकान आहे, तिथं त्यांना ते दिसलं. दीडशे वर्षांपूर्वीचं सागवानी दार, पितळी खिळे, वरपासून खालपर्यंत वेलबुट्टी, आणि चौकट-उंबऱ्यासकट अख्खं. इथली हौशी मंडळी असल्या दारांची टेबलं करतात, वर काच टाकतात. दयानंद म्हणाले, दाराला आडवं कशाला पाडायचं, उभंच राहू दे. मग दोन कामगारांनी ते आमच्या हॉलच्या भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी पक्कं केलं. फ्लॅटच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला हे दुसरं दार. नक्षी हॉलकडे, पाठ भिंतीकडे. आतली कडी भिंतीकडेच राहिली, ती कुणाला बघायची होती?

चौकटीवर छातीच्या उंचीला रेघांची एक ओळ होती. नखाएवढ्या, उभ्या, एकसारख्या. दयानंदांनी अंगठा लावून मोजल्या. एकोणचाळीस रेघा सरळ, आणि शेवटची, चाळिसावी, तिरकी, खोल, चांगली हातभर खाली गेलेली. सुताराच्या खुणा असतील, म्हणाले. शेवटी हात सुटला असेल.

प्रणालीनं पहिल्याच संध्याकाळी त्या दाराच्या जाड उंबऱ्यावर बसून सँडलचे पट्टे सोडले. बसायला बरं आहे की गं, म्हणाली. तेव्हापासून तिची ती सवयच झाली.

२

दार लावलं त्याच आठवड्यात अतुलचा विषय निघाला.

अतुल म्हणजे रुवीच्या श्यामलाताईंचा मुलगा. आमची दर शुक्रवारी सकाळी कुणाच्या तरी घरी बुद्धवंदना असते. तीस-पस्तीस माणसं जमतात, मग उपमा, चहा, गावाकडच्या गप्पा. ही सगळी मोट श्यामलाताईंनी बांधलेली. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दयानंद खाबुऱ्याच्या साईटवर अडकले होते. बाई अकरा दिवस माझ्या उशाशी बसून होत्या. माझी वेणी घालायच्या. अशा बाईनं पोरासाठी माझ्या पोरीला मागणी घातली.

आम्ही गेलो, पोहे खाल्ले. मुलगा चांगला होता, कशाला खोटं बोलू. थोडा गप्प, आणि प्रणालीकडे बघायचा तो बघतच राहायचा, एवढंच. परतताना गाडीत प्रणाली म्हणाली, “आई, नाही. प्लीज आजच सांगून टाक त्यांना.”

आज सांगणं एवढं सोपं असतं का? आपल्यात नाही म्हणायची पद्धत आहे का? आपण ‘कळवतो’ म्हणतो. दोनतीनदा ‘कळवतो’ म्हटलं की समोरचा काय ते समजतो, कुणाचं तोंड कडू होत नाही. माझ्या धाकट्या बहिणीची सात स्थळं आम्ही अशीच परतवली. दुसऱ्या दिवशी बांग झाली, चहा उकळत होता, आणि श्यामलाताईंचा फोन आला. मी म्हणाले, “हो हो, बोलतोय आम्ही घरात. कळवतो.”

फोन ठेवला आणि तीन टकटक झाल्या.

सावकाश, बोटाच्या पेरानं, अदबीनं वाजवल्यासारख्या. मला वाटलं आपलंच दार. जाऊन बघितलं तर जिन्यात कुणी नाही, लिफ्ट तळमजल्यावर. शेजारी खिळा ठोकत असतील म्हणून मी परत वळले. त्या जुन्या दाराच्या उंबऱ्यावर चिमूटभर लाकडाचा भुसा पडला होता, पांढरट, ताजा. मी तो ओल्या फडक्यानं पुसून घेतला आणि चहा प्यायले. चहा गार झाला होता.

३

आमच्याकडे सकाळी शकीला येते साफसफाईला. आठवड्याभरानं ती मला म्हणाली की भाभी, या लाकडाला कीड आहे, रोज झाडते तरी रोज पडतं. दयानंदांनी वाळवीचं औषध आणून फवारलं. दोन दिवस घर नुसतं घाण वासानं भरून गेलं. भुसा पडायचा तो पडतच राहिला.

रोज नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ज्या दिवशी श्यामलाताईंचा फोन यायचा त्या दिवशीच. त्या बिचाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन करायच्या, तोही माझ्या चहाच्या वेळेला, मी निवांत असते हे त्यांना ठाऊक. मी कधी दयानंदांची मीटिंग पुढं करायचे, कधी पुण्याच्या दिरांचा सल्ला. आणि शेवटी, कळवतो. की लगेच टकटक. तीनच. एकदाही चौथी नाही.

पुरावा काय, पुरावा काय, असं मी स्वतःलाच विचारत होते. एसीचा पाइप, गरम-गार झालेलं लाकूड, आणि माझ्या मनाला टोचणी लागलेली होती, ती वेगळीच. मन खात असलं की कानाला काहीही ऐकू येतं. शिवाय त्या दारामागं काय आहे? काँक्रीटची नऊ इंची भिंत. भिंतीतून कोण वाजवणार? या एका विचारानं मला फार धीर यायचा. कुणी असलाच तर तो तिकडे अडकलेला आहे, मधे दार आहे, आणि ते दार काही उघडत नाही.

मग एका सकाळी शकीला चौकट पुसताना थांबली. तिनं मला बोलावलं आणि बोट ठेवलं. जुन्या ओळीखाली नवी ओळ सुरू झाली होती. सहा रेघा. नखाएवढ्या, उभ्या, आतून पिवळ्याधमक लाकडाच्या.

मी सहा बोटं मोजली. त्या दिवसापर्यंत श्यामलाताईंना मी सहा वेळा कळवतो म्हणाले होते.

प्रणालीला विचारलं तर ती वैतागली. मी कशाला ओरखडे काढू, म्हणाली, आणि तू अजून त्यांना सांगितलं नाहीयेस ना? अतुल तिला रोज सकाळी मेसेज करत होता. काल दवाखान्याच्या पार्किंगमध्ये उभा होता. काही बोलला नाही, फक्त म्हणाला, घाई नाही, मी थांबेन. तिनं हे सांगितलं तेव्हा ती त्याच उंबऱ्यावर बसून सँडल सोडत होती, मान खाली.

४

शनिवारी मी एकटीच टॅक्सीनं मत्राहला गेले. यूनुस साठीतला ओमानी, पण हिंदी अशी बोलतो की भेंडीबाजारात वाढलाय वाटावं. त्यानं मला खजूर आणि कहवा दिला. मी आपलं सहज आल्यासारखं दाखवलं आणि विचारलं की त्या रेघा कसल्या आहेत.

त्यानं आधी टाळलं. मग म्हणाला, त्याच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट आहे, खरीखोटी अल्ला जाणे. मत्राहमध्ये मुंबईहून आलेलं एक कुटुंब राहायचं. बाप जहाजावर हिशेब लिहिणारा, बहुतेक वेळ समुद्रावर. घरात आई आणि मुलगी. त्यांच्या घराचं दार ज्या सुतारानं बनवलं, त्याचं मुलीवर मन बसलं. दार बसवून झालं तरी तो रोज अस्रनंतर यायचा, तीन वेळा वाजवायचा आणि विचारायचा. आई आतून म्हणायची, खबर करेंगे. तो पटाशीनं चौकटीवर एक रेघ मारायचा आणि निमूट निघून जायचा. कुणाला त्याची भीती वाटली नाही, कारण तो फार सभ्य होता.

“चाळिसाव्या दिवशी आईनं आतून नाही म्हणून सांगितलं,” यूनुस म्हणाला. “आणि दाराला कडी घातली.”

मग? मग काय, मुलगी उंबऱ्यावर सापडली. दाराच्या बाहेर. सुतार तिच्याशेजारीच बसून होता, पटाशी मांडीवर ठेवून.

मुलगी बाहेर कशी गेली, मी विचारलं. त्यानं खांदे उडवले. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट, कोण सांगणार. मी म्हणाले, दार परत घ्या, जे काय द्यायचं ते द्या. तो म्हणाला की तीन घरांतून परत आलंय ते, आता तो त्याला हात लावणार नाही, खलास.

मी निघताना त्यानं मला हाक मारली. “नक्षीची बाजू कुठं ठेवलीत तुम्ही?”

“हॉलकडे. भिंतीकडे कशी ठेवणार?”

त्यानं कहव्याचे कप उचलले. मग म्हणाला, सगळे तसंच लावतात.

५

रविवार गेला, सोमवार गेला. मी यूनुसच्या त्या प्रश्नाचा विचारच केला नाही. माझं डोकं त्या मुलीत अडकलं होतं, ती बाहेर कशी गेली यात.

मंगळवारी दुपारी फोन आला आणि माझ्या तोंडून आठव्यांदा कळवतो गेलं. टकटक झाली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, कप हातात. तिथून ते दार समोर दिसतं, आमचा हॉल अठरा फूट लांब आहे. मी बघत होते. चौकटीवरून भुसा खाली पडला, अगदी थोडा, आणि मला एकदम साधी गोष्ट कळली. शेंबड्या पोराला कळली असती.

दाराला नक्षी बाहेरून असते. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. आणि कडी आतून असते. आमच्या दाराची कडी भिंतीकडे होती. म्हणजे घर तिकडे होतं, आई तिकडे होती. वाजवणारा माणूस नक्षीसमोर उभा राहतो, रेघ नक्षीच्या बाजूच्या चौकटीवर मारतो.

तो भिंतीत अडकलेला नव्हता. आमचा हॉल म्हणजे त्याचं दारापुढचं अंगण होतं. इतके दिवस तो माझ्याच बाजूला उभा होता, मी चहा पीत असताना, आणि मी त्याच्या पाठीमागं.

कप हातातून सुटला. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि दयानंद येईपर्यंत तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले. सव्वादोन तास. पाय भरून आले.

दयानंदांना सगळं सांगितलं. ते हसले. मग उठून चौकटीपाशी गेले, अंगठा लावून नवी ओळ मोजली आणि हसायचे थांबले. म्हणाले, “सुलू, तू दमलीयेस. पण काढून टाकू आपण हे.” दार अडीच माणसांच्या वजनाचं, एकट्याच्यानं हलणारं नव्हे. कामगार शुक्रवारी येतो म्हणाले, इन्शाल्ला. तोवर दोन दिवस मधे होते.

प्रणालीला काय सांगायचं? तिला म्हणू, की तू बसतेस तिथं एक मुलगी मेली? तिनं मला डॉक्टरकडे नेलं असतं. मी म्हणाले, “नको गं बसत जाऊ त्या उंबऱ्यावर. कपडे खराब होतात.” ती हो म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली.

हे एवढं एक वाक्य मी नीट बोलायला हवं होतं.

६

रात्रभर तळमळून मी ठरवलं की हे सगळं माझ्या कळवतोवर जगतंय. पोरीनं नाही म्हटलेलं तीन आठवडे झाले आणि मी ते पदराखाली झाकून बसलेय. दोघांना आशेवर ठेवलंय मी, एक रुवीतला आणि एक माझ्या हॉलमधला. गुरुवारी सकाळी प्रणाली निघताना मी तिला म्हणाले की आज सांगते त्यांना, नक्की. तिनं मला मिठी मारली. कितीतरी दिवसांनी.

बांग झाली. मी चहा ठेवला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून फोन लावला.

“श्यामलाताई, प्रणालीची इच्छा नाही. आमच्याकडून नाही आहे. मला माफ करा.”

त्या म्हणाल्या, “हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत, सुलोचनाताई, तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. पोरगं माझं तीन आठवडे झोपलं नाही.” आणि फोन ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तीन टकटक झाल्या.

मला रडू येत होतं आणि राग येत होता. मी दाराकडे बघून मोठ्यानं बोलले, रिकाम्या हॉलमध्ये, बाबासाहेबांच्या फोटोसमोर. “तुलाही नाही. ऐकलंस? नाही. जा.”

शांतता झाली. एसीसुद्धा मधेच थांबला. चौकटीवरून भुसा पडला नाही. मी मनात वीसपर्यंत मोजलं, मग पन्नासपर्यंत. काही नाही. इतकं सोपं होतं, असं मला वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं, आणि मी चहाचं आधण ठेवायला वळले.

मग दार पुन्हा वाजलं. पण हे ते नव्हतं. हे तळहातांनी होतं, दोन्ही तळहातांनी, खालच्या बाजूला, भराभर, धाप लागल्यासारखं. लाकडावर कुणी आपटत होतं. मी कानांवर हात दाबून धरले. नाही म्हटलंय ना, नाही, नाही, असं मी पुटपुटत राहिले. थाप थांबत नव्हती. आणि माझ्या लक्षात आलं की हे हात लहान आहेत. हा पुरुषाचा हात नाही.

मुलगी बाहेर गेली नव्हतीच. ती बाहेरच होती, पाण्याला किंवा शेजारी, आणि घरी परत येत होती. आईनं नाही म्हणून कडी घातली तेव्हा लेक अजून यायची होती. ती आली, तो दारात होता, आणि ती तळहातांनी दार वाजवत राहिली. आईला वाटलं तोच आहे. आईनं कान झाकून घेतले असणार, माझ्यासारखेच.

मी हातातल्या फोनकडे बघितलं. प्रणालीचा मेसेज होता, वीस मिनिटांपूर्वीचा. शेवटचा पेशंट आला नाही, लवकर निघतेय, केक घेऊन येते, आपण सेलिब्रेट करू.

फ्लॅटच्या दारात किल्ली फिरली.

“प्रणाली, आत येऊ नकोस!” मी ओरडले. दार उघडून ती आत आलीच होती, हातात केकचा खोका, चेहरा नुसता फुललेला. थाप थांबली. अख्खं घर थांबलं.

“बाहेर जा. तिथं बसू नकोस, प्रणाली, तिथं नको बसू.”

ती हसली. “आई, कपड्यांना काही होत नाही गं,” म्हणाली, खोका खाली ठेवला आणि नेहमीसारखी उंबऱ्यावर बसली. मान खाली घालून उजव्या सँडलचा पट्टा सोडायला लागली.

तिच्या डोक्याच्या वर, चौकटीवर, लाकूड चिरत गेल्याचा आवाज आला. सरळ नाही, तिरका, लांब. ताजा पिवळा भुसा तिच्या केसांवर पडायला लागला.

आमचा हॉल अठरा फूट लांब आहे. मी धावले.